एका ठिपक्याची बादली

रस्त्यातल्या खड्ड्यावर वाकून चावीवाला चौथ्या गल्लीचं पाणी बंद करत होता. कमरेएवढी लोखंडी चावी दोन्ही हातांनी फिरवावी लागे. वीस फेरे उघडायला, वीस फेरे बंद करायला. नऊ फेरे झाले तेव्हा शेजारचा शिंपी सायकलवरून आला, उतरला आणि सायकल हातात धरूनच उभा राहिला.

"चला," तो म्हणाला.

"काय झालं?"

"दवाखान्यातून फोन आला होता. तुमचा लागत नव्हता म्हणे. तुम्ही आधी चला."

शिंपी बोलका माणूस. कापड बेतताना तोंडात टाचण्या असल्या तरी त्याची बडबड थांबत नसे. आत्ता तो चावीवाल्याच्या चपलांकडे बघत होता. चावीवाल्याला कळलं. कळलं तरी त्याने चावीवरचे हात काढले नाहीत. व्हॉल्व्ह अर्धवट राहिला तर पुढे पाणी चढत नाही. अजून अकरा फेरे होते. त्याने अकराही फेरे पुरे केले, खड्ड्यावर झाकण ओढलं, ते नीट बसलंय का हे पायाने दाबून पाहिलं, आणि मग म्हणाला, "चला."

पाचव्या गल्लीला त्या दिवशी पाणी आलंच नाही. ती त्याची स्वतःची गल्ली होती.

दवाखान्यात बायकोची थोरली बहीण बाकावर बसली होती. तिला तो ताई म्हणे. ताईने मान वर केली नाही. डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या होत्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती, हे त्यांनी तीन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. आता पुन्हा तेच सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी कमी पीत होत्या का? बऱ्याच वर्षांपासून?"

"मी पाणीखात्यात आहे," चावीवाला म्हणाला. "सगळ्या वस्तीला मी पाणी सोडतो."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. ताईने मात्र तेव्हा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

घरात पाच बादल्या होत्या, झाकणाच्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायकोने त्यांच्यावर लाल नेलपॉलिशचे ठिपके काढले होते. एक ठिपका पिण्याचं. दोन ठिपके स्वयंपाकाचं. तीन अंघोळीचं, चार भांड्याकपड्यांचं. पाच ठिपक्यांची बादली खिडकीतल्या लिंबाच्या रोपासाठी. पाणी कमी आलं की पाचवी रिकामी राहायची, मग चौथी. एका ठिपक्याची बादली रिकामी राहिल्याचं त्याला कधी आठवत नव्हतं. तिच्या झाकणावर बायकोचा ग्लास पालथा असे. स्टीलचा, काठाला एक पोचा पडलेला. दुसऱ्या ग्लासाने ती पाणी प्यायची नाही.

चावीवाल्याला आपल्या कामाचा अभिमान होता. पाच गल्ल्या, प्रत्येकीला वीस फेरे, प्रत्येकीला पाऊण तास. ना कमी, ना जास्त. पाचवी गल्ली चढावर आणि लाइनच्या टोकाला असल्यामुळे तिथे पहिली दहा मिनिटं नळातून नुसती हवा यायची, फुसफुस करत. हे त्याला ठाऊक होतं. बायकोने एकदा, फार वर्षांपूर्वी, पीठ मळता मळता म्हटलं होतं, "अहो, आपल्याकडे पाच मिनिटं जास्ती सोडता नाही येणार?"

"वा! उद्या लोक म्हणतील, चावीवाल्याने पाणी स्वतःच्या दारात वळवलं. तुझ्यासाठी सगळ्या वस्तीची चावी फिरवू का?"

तो हसून म्हणाला होता. तीही हसली होती. पुन्हा तिने विषय काढला नाही.

तेराव्याचे पाहुणे गेले. ताईही गेली. तो पुन्हा कामावर जाऊ लागला. सकाळी पाचला निघायचं, एकेक गल्ली सोडत यायचं, शेवटी आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून घरी यायचं आणि पाच बादल्या भरायच्या. एकट्या माणसाला पाच लागत नव्हत्या, पण हात आपोआप भरत. पाचवी कधी भरली, कधी नाही. मग व्हॉल्व्ह बंद करून ऑफिस. दुपारी दोनला घरी.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याने पिण्याच्या बादलीचं झाकण उचललं आणि थांबला. सकाळी काठोकाठ भरलेली बादली तीन-चार बोटं खाली गेली होती. खालची फरशी कोरडी होती. ग्लास पालथाच होता, पण सरळ केल्यावर आतून थेंब ओघळला.

मांजर, त्याला वाटलं. पण मांजर झाकण परत ठेवत नाही.

त्याने तोच ग्लास घेतला आणि दोन ठिपक्यांच्या बादलीतून मोजून पाणी घालत बादली पुन्हा काठापर्यंत आणली. नऊ ग्लास बसले.

दुसऱ्या दिवशीही नऊ. त्याने बादलीखाली वर्तमानपत्र पसरलं, ते सुकंच राहिलं. खिडकीला कडी लावली, दाराला कुलूप घातलं. आठ. दुसरी किल्ली शिंप्याच्या बायकोकडे असायची, म्हणून तो तिच्या दारात गेला.

"वहिनी, दुपारी आमच्या घरात कुणी येतं का?"

"आम्ही कशाला येऊ, भावजी?" ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "मला तर वाटायचं तुम्हीच असता."

"का?"

"साडेबाराच्या सुमाराला तुमच्या झाकणाचा आवाज येतो. टण् करून. ती ठेवायची तसा." आणि मग घाईने, "भिंती पातळ आहेत हो. कुठलाही आवाज कुठूनही येतो."

तो घरी आला. झाकणाच्या कडेची मूठ त्याने सकाळी दाराकडे करून ठेवली होती. आता ती खिडकीकडे होती. झाकण ठेवताना बायको मूठ नेहमी खिडकीकडे करायची. तो बराच वेळ बादलीजवळ उकिडवा बसला. मग त्याने ग्लास धुतला नाही, तसाच पालथा ठेवला.

भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी दुपारी दोन वाजता घराकडे वळताना त्याचे पाय लवकर उचलायला लागले. कुलूप काढण्याआधी तो दारावर एकदा बोटाने टकटक करी. आत जाऊन झाकण उचली, ग्लासाने मोजून बादली भरी. आठ. सात. पुन्हा सात.

पाणीखात्यातला साहेब त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. पंपघराच्या सावलीत पालथ्या पिंपावर बसून तो चहा प्यायचा आणि कामगारांशी बोलायचा. पाचव्या गल्लीचा विषय त्याने आधीही दोन-तीनदा काढला होता. त्या दिवशी पुन्हा काढला.

"काका, दिवसाचा पहिला चहा कसा लागतो तुम्हाला?"

"अमृत."

"दुसरा?"

"बरा."

"आणि पाचवा?"

"पाचवा आम्हाला पाजतं कोण, साहेब?"

शेजारी बसलेला पंपाचा मेकॅनिक खो-खो हसला. साहेबही हसला. "पाजला समजा. तुम्ही तो ओतून द्याल. चहा तोच, साखर तीच. पण पहिल्याची किंमत वेगळी, पाचव्याची वेगळी. पाण्याचंही तसंच आहे. पहिल्या गल्लीत जी आठवी बादली भरते ना, ती ते अंगणात शिंपडतात. मी स्वतः बघितलंय. तुमच्या टोकाला मात्र चौथी-पाचवी भरता भरताच पाणी जातं. तिकडची पाच मिनिटं काढून इकडे दिली तर तिकडे कुणाला पत्ताही लागणार नाही."

"सगळ्यांना सारखं, असा माझा नियम आहे."

"मिनिटं सारखी, काका. पाणी सारखं नाही. आणि तहान तर मुळीच सारखी नाही."

चावीवाल्याने बशी खाली ठेवली. "साहेब, एक विचारू? समजा एखाद्याची तहान वर्षानुवर्षांची असली. मग?"

"म्हणजे?"

"त्याला रोज पाणी मिळत गेलं. हवं तेवढं. तर ती तहान तशीच राहील का?"

साहेबाला प्रश्न आवडला. "नाही. तीही कमीच होत जाणार. पहिला ग्लास सगळ्यात मोठा. पुढचा त्याहून लहान. त्याच्या पुढचा आणखी लहान. मग एक वेळ अशी येते की पुढचा ग्लास नकोच होतो."

"मग?"

"मग काय! माणूस ग्लास खाली ठेवतो आणि आपल्या वाटेनं जातो."

मेकॅनिक पुन्हा हसला. चावीवाला हसला नाही.

त्या दुपारी सहा ग्लास बसले. दोन दिवसांनी पाच.

त्याने हिशोब केला नाही. तो आपोआप झाला. नळाखाली हात धुताना, चावी फिरवताना, भात उपसताना पाचानंतर चार येत होते आणि चारानंतर तीन. सोमवारी सकाळी त्याने आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला, घरी आला आणि बादल्यांकडे बघत उभा राहिला. मग पाचही बादल्या एकेक करून न्हाणीत उलट्या केल्या. पिण्याची सगळ्यात शेवटी. नळ बंद केला. झाकणं लावली, ग्लास पालथा ठेवला, कुलूप घातलं.

दुपारी दार उघडताच त्याला तो आवाज ऐकू आला. नळ पूर्ण उघडा होता आणि त्यातून हवा येत होती. पण आता वाजले होते दोन. लाइनमध्ये पाणी नव्हतं आणि हवा ढकलणारंही काही नव्हतं. तरी नळ फुसफुसत होता. ओढून घेतल्यासारखा, मग सोडल्यासारखा. पाचही झाकणं भिंतीला टेकून ओळीने उभी होती. ग्लास फरशीवर आडवा पडला होता, आतून कोरडा ठाक. लिंबाच्या रोपाखालच्या बशीत ओल उरायची, तीही पुसल्यासारखी कोरडी होती.

त्याने नळ बंद केला. मग आणखी घट्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी त्याने बादली भरून ठेवली. दुपारी बारा ग्लास बसले.

बारा. तो फरशीवर बसला आणि हसला. किती दिवसांनी हसला. बारा म्हणजे अजून कितीतरी दिवस होते. शिंप्याने भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं हो?" तेव्हा तो म्हणाला, "काही नाही. एक आठवलं." पुढच्या पंधरवड्यात त्याने आणखी दोनदा बादल्या उलट्या केल्या.

मग एका रविवारी ताई आली. आल्या आल्या तिने पदराने मान पुसली, बादल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाच कशाला भरता, भाऊजी? एकटा जीव."

"सवय."

"ग्लास तसाच ठेवलाय तिचा." तिने तो हातात घेतला, पोच्यावर अंगठा फिरवला, पण त्याने पाणी घेतलं नाही. परत ठेवला. खिडकीशी जाऊन तिने रोपाची मरगळलेली पानं बोटांत धरली. "हे वाळवलंत तुम्ही. तिने कसं हिरवंगार ठेवलं होतं."

"पाचवी बादली भरतच नव्हती बऱ्याचदा," तो म्हणाला. "पाणीच कमी यायचं."

"मग याला कुठलं पाणी मिळत होतं?"

त्याने कधी विचारच केला नव्हता.

"माझ्याकडे आली की दारातच तीन ग्लास प्यायची," ताई म्हणाली. "घटाघट. मी म्हणायचे, अगं, चावीवाल्याची बायको तू, आणि घसा असा कोरडा? हसायची. एकदा मी खोदून विचारलं. म्हणाली, ताई, पिण्याचं पाणी ह्यांना पुरायला हवं, उन्हात उभे असतात. माझ्या वाटचं मी रोपाला घालते. त्याला तहान लागली तर सांगता येत नाही. मला येतं."

ताई रडली नाही. तिने रोपाची दोन वाळकी पानं खुडली आणि मुठीत धरली.

"मग तिने सांगितलं का कधी तुम्हाला?"

"एकदा," चावीवाला म्हणाला.

ताई संध्याकाळच्या आत निघून गेली. तो पिण्याच्या बादलीपाशी बसला. मागच्या तीन वेळा ती कशी रिकामी केली, ते त्याला आठवत राहिलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याने त्याच पाण्याने न्हाणी धुतली होती.

सोमवारी पहाटे त्याने पहिल्या गल्लीचं पाणी पाच मिनिटं आधी बंद केलं. दुसरीचं चार मिनिटं. तिसरीचं, चौथीचं तीन-तीन. शेवटच्या खड्ड्याशी आल्यावर त्याने वीस फेरे फिरवले, थांबला, आणि आणखी आठ फिरवले. चावी अडेपर्यंत. खाली लाइनमधून पाणी धावत गेल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत तो आवाज त्याने या खड्ड्यात ऐकला नव्हता.

पहिल्या गल्लीतून कुणीही तक्रार केली नाही. साहेब म्हणाला ते खरंच होतं, कुणाला पत्ताही लागला नाही. आठ दिवसांनी शिंपी दुकानातून ओरडला, "अहो चावीवाले, काय जादू केलीत? आमच्याकडे काल चक्क बादली भरून वाहिली!"

"लाइन साफ केली," चावीवाला म्हणाला.

"आधी का नाही केलीत हो?"

शिंप्याने ते गमतीनेच विचारलं होतं. चावीवाला चावी खांद्यावर टाकून पुढे गेला.

आता पाचही बादल्या रोज भरत. तो रोपाला पाणी घाली, आधी त्याला, मग बाकीचं. पिण्याची बादली काठोकाठ भरून झाकणाची मूठ स्वतःच खिडकीकडे करून ठेवी. दुपारी मोजी. अकरा. नऊ. आठ. तो ग्लास हळू भरायचा, हळू ओतायचा. सात. पाच. कधी एखाद्या दिवशी आकडा तोच राहिला की त्याला भात गोड लागे. चार. रोपाला फांदीच्या टोकाशी नखाएवढं पान फुटलं. तीन. तीन. दोन.

ऑफिसात साहेबाने विचारलं, "काका, सुट्टी का घेत नाही थोडी? किती खराब झालात."

"पाणी सोडायचं असतं," तो म्हणाला.

मग एका दुपारी त्याने झाकण उचललं, ग्लास भरला आणि बादलीत ओतला. पाणी काठाला लागलं. त्याने दुसरा ग्लास भरून वर धरला, पण ओतायला जागा नव्हती. तो तसाच हात वर धरून उभा राहिला. मग ते पाणी त्याने रोपाला घातलं.

ग्लास पालथा ठेवायला तो वाकला. झाकणाच्या मधोमध, इतक्या वर्षांत पडलेली ग्लासाच्या काठाची गोल खूण होती. त्या खुणेवर ग्लास टेकवायचा, एवढंच काम. त्याने ग्लास सदऱ्याच्या टोकाने आतून पुसला, बाहेरून पुसला, आणि ज्या पिशवीत तो ग्रीसचं फडकं व हातमोजे ठेवी तिच्यात तळाशी घातला. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन कामाला गेला.

त्या दिवसापासून बादलीतलं पाणी खाली गेलं नाही. नळही फुसफुसला नाही. रोज दुपारी दोनला तो दार उघडे तेव्हा पिण्याच्या बादलीचं झाकण भिंतीला टेकून उभं असे, मूठ खिडकीकडे. पाणी काठोकाठ, हलकंसं हलत असलेलं. मांडणीवरची भांडी थोडी इकडची तिकडे झालेली. वाट्या, तांब्या, त्याचे स्वतःचे दोन ग्लास, सगळे एकेकदा उचलून परत ठेवल्यासारखे.

"भावजी," शिंप्याच्या बायकोने त्याला जिन्यात गाठून विचारलं, "राग मानू नका. पण दुपारी तुमच्याकडे कुणी काही शोधतं का हो?"

"नाही," तो म्हणाला. "उंदीर असतील."

"मग पिंजरा लावा. फार वेळ चालतं ते."

तो वर आला. झाकण लावलं. पिशवी खुंटीला अडकवताना आतला ग्लास हातमोज्याच्या बकलाला लागून किणकिणला, आणि मांडणीशी काहीतरी थांबल्यासारखं झालं. तो तसाच उभा राहिला, पिशवीवर हात दाबून, श्वास धरून. बादलीत पाणी काठापर्यंत होतं. गल्लीत सगळ्यांना पाणी येत होतं. रोपाला पाच पानं होती.

ग्लास पिशवीत घातल्याला सतरा दिवस झाले. ग्लास तेवढा झाकणावर ठेवायचा राहिला होता.